ग्लायडर उडवायला शिकणे: पद्धती, मतभेद आणि मोकळे प्रश्न

ग्लायडरला इंजिन नसते. विंचच्या दोराने किंवा दुसऱ्या विमानामागे बांधून ते वर नेले जाते, ठरलेल्या उंचीवर दोर सोडला जातो, आणि तिथून पुढे ते हवेतून सतत खालीच येत असते. भोवतालची हवा त्याच्या घसरणीपेक्षा जास्त वेगाने वर चढत असेल, तरच त्याची उंची वाढते. तापलेल्या जमिनीवरून उठणारे थर्मल, डोंगराला अडून वर वळणारा वारा आणि पर्वतरांगेपलीकडे उठणाऱ्या हवेच्या लाटा यांच्या आधाराने कसलेला वैमानिक तासन् तास उडतो. नवशिक्याच्या वाट्याला सुरुवातीला यातले फारसे येत नाही. सरळ उडणे, वळणे आणि उतरणे एवढेच त्याचे पहिले धडे असतात. ते कोणत्या क्रमाने, किती उंचीवर आणि कोणाच्या सोबतीने द्यायचे यावर गेली शंभर वर्षे मतभेद चालू आहेत. कामशेतच्या टेकड्यांवर दिसणारे कापडी पंखांचे पॅराग्लायडिंग हा निराळा प्रकार आहे. येथे ताठ पंखांच्या, बंद कॉकपिटच्या विमानाचाच विचार केला आहे.

शिकायचे काय असते

शिकवण्यासाठी जगभर वापरले जाणारे ग्लायडर म्हणजे जर्मन बनावटीचे एएसके-२१. १९७९ मध्ये ते पहिल्यांदा उडाले. पंखांचा पसारा १७ मीटर, आसने दोन, एकामागे एक. पुढे विद्यार्थी, मागे प्रशिक्षक. स्थिर हवेत एक किलोमीटर उंची खर्ची घालून ते सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापते. उजव्या हातात स्टिक, पायांशी रडरचे पेडल, डाव्या हाताशी एअरब्रेकचा निळा दांडा. दोर सोडण्याचा नॉब पिवळा, ट्रिमचा हिरवा, संकटात कॅनोपी उडवून देण्याचा लाल. युरोपीय मानकांनी हे रंग ठरवून दिले आहेत, त्यामुळे एका ग्लायडरवर बसलेली हाताची सवय दुसऱ्यावर घात करत नाही.

नवशिक्याची पहिली खरी अडचण लांब पंखांतून येते. स्टिक डावीकडे नेली की ग्लायडर डावीकडे कलते, पण त्याच क्षणी नाक उजवीकडे ओढले जाते, कारण वर जाणाऱ्या उजव्या पंखावर हवेचा अवरोध वाढतो. म्हणून स्टिकबरोबरच त्याच बाजूचे पेडल दाबावे लागते, आणि हात-पाय एकाच वेळी, एकाच प्रमाणात चालावे लागतात. ते तसे चालले की नाही हे सांगायला कॅनोपीच्या बाहेर, डोळ्यांसमोर, लोकरीचा वीतभर धागा पुढच्या टोकाने चिकटवलेला असतो. ग्लायडर हवेत सरळ जात असेल तर धागा मधोमध मागे वाहतो. धाग्याचे मोकळे टोक डावीकडे गेले तर उजवे पेडल दाबायचे, उजवीकडे गेले तर डावे. लाखमोलाच्या स्पर्धा-ग्लायडरवरही हाच धागा असतो; याहून स्वस्त आणि याहून तत्पर उपकरण अजून कोणाला सापडलेले नाही.

दुसरी अडचण उतरण्याची. इंजिनाच्या विमानाचा अंदाज चुकला तर वैमानिक पुन्हा वर जाऊन नव्याने येऊ शकतो. ग्लायडरला ही सोय नाही. मैदानाला समांतर, मग काटकोनात, मग वाऱ्याच्या तोंडी अशी चौकोनी सर्किट करून यायचे, शेवटच्या टप्प्यात एअरब्रेक साधारण अर्धे उघडे ठेवायचे (म्हणजे उंची जास्त वाटली तर आणखी उघडता येतात, कमी वाटली तर मिटता येतात), आणि जमिनीपासून काही मीटरवर नाक हळूच सावरून चाक टेकवायचे. उंचीमापकाकडे पाहून हे साधत नाही. मैदान किती कोनात दिसते, आज वारा किती आहे, खालची झाडे किती वेगाने सरकतात, यांवरून डोळ्याने अदमास घ्यावा लागतो. स्टिक-रडरचे कौशल्य काही आठवड्यांत येते. हा अदमास यायला वेळ लागतो. पुढचे जवळपास सगळे मतभेद तो कसा घडवायचा याभोवतीच फिरतात.

एकट्याने शिकण्याचा काळ

ऑटो लिलिएन्थाल यांनी १८९१ ते १८९६ या काळात जर्मनीत टेकड्यांवरून केलेल्या उड्डाणांना शिकवणारा कोणी नव्हताच. १८९६ च्या ऑगस्टमध्ये अपघातात त्यांचा अंत झाला. शिकवण्याची पद्धत म्हणावी असे काही घडले ते पहिल्या महायुद्धानंतर. व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने आली, आणि उड्डाणाची ओढ असलेली तरुण मंडळी बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली. ऑस्कर उर्सिनुस यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये ऱ्होन पर्वतातल्या वासरकुपे टेकडीवर पहिली स्पर्धा भरली. तिथे आणि पुढे ग्रुनाऊ, रोसिटेन अशा ठिकाणी ग्लायडरच्या शाळा उभ्या राहिल्या.

या शाळांत शिकवायचे ग्लायडर एक आसनी होते. ‘त्सोग्लिंग’ किंवा पुढचे ‘एसजी-३८’ म्हणजे एक पंख, एक लाकडी सांगाडा आणि उघड्यावर एक बैठक. विद्यार्थ्याला आधी जमिनीवरच, वाऱ्याच्या तोंडी, पंख समतोल राखायला बसवत. मग उतारावर रबरी दोर लावत. दोराच्या दोन्ही टोकांना सहाध्यायी, शेपटीला धरून आणखी काही जण, आणि प्रशिक्षकाच्या तीन आज्ञा: ताणा, पळा, सोडा. ग्लायडर काही मीटर सरपटे. पुढच्या खेपांना डोक्याइतके उचलले जाई. मग टेकडीच्या कडेवरून खरे उड्डाण. प्रशिक्षक खाली उभा. उड्डाण झाले की सगळ्यांनी मिळून ग्लायडर पुन्हा टेकडीवर ओढत न्यायचे. प्रगती मोजायला ए, बी, सी असे बिल्ले होते: ए साठी ३० सेकंद हवेत राहायचे, बी साठी वळणांसह ६० सेकंद, आणि सी साठी सुटलेल्या उंचीच्या वर ५ मिनिटे टिकायचे. त्यापुढच्या रौप्य बिल्ल्याच्या अटी (५० किलोमीटर अंतर, ५ तास हवेत आणि १००० मीटर उंचीची कमाई) आजही त्याच आहेत.

या पद्धतीच्या बाजूने बोलणारे त्या काळी पुष्कळ होते आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. पहिल्या सेकंदापासून ग्लायडर विद्यार्थ्याच्याच हाती असे. उंची अगदी थोडी, म्हणून चुकीची शिक्षाही बहुतेक वेळा लाकडाच्या मोडतोडीपुरती. खर्च कमी, आणि तीस सेकंदांच्या उड्डाणासाठी तासभर ओढाताण करणाऱ्या गटाला हवा, वारा आणि एकमेकांच्या चुका पाहायला भरपूर वेळ मिळे. दोषही तितकेच उघड होते. विद्यार्थी हवेत असताना त्याला कोणी दुरुस्त करू शकत नव्हते. एकाच दिवसात दोन-तीन मिनिटांहून जास्त उड्डाण क्वचितच वाट्याला येई. आणि सरळ उताराकडून वळणांकडे जाताना, नेमक्या धोक्याच्या पायरीवर, विद्यार्थी एकटा असे. दुखापती होत, कधी जीवही जात.

दोन आसनांची पद्धत

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. ब्रिटनमध्ये हवाई छात्रांना आधी एक आसनी ‘कॅडेट’वर उड्या मारत शिकवत, मग शेजारी-शेजारी बसायचे ‘सेडबर्ग’ आले आणि दुहेरी शिक्षण रुळले. जर्मनीत युद्धानंतर लादलेली ग्लायडिंगवरची बंदी १९५१ मध्ये उठली तेव्हा क्लबांनी जवळपास सुरुवातीपासूनच दोन आसनी विमाने बांधली. झेक बनावटीचे धातूचे ‘ब्लानिक एल-१३’ पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडच्या हजारो विद्यार्थ्यांचे पहिले ग्लायडर ठरले. २०१० मध्ये ऑस्ट्रियात उड्डाणात पंख निखळून अपघात झाला आणि धातूला आलेल्या थकव्याच्या शंकेने जगभरची ब्लानिके जमिनीवर आली. अनेक क्लबांची शिकवण्याची गाडी तेव्हा अडली.

दुहेरी शिक्षणाचा विजय आता निर्विवाद आहे. खुला आहे तो वेगळा मुद्दा: मागे बसलेल्या प्रशिक्षकाने हात कधी काढायचा? अनुभवी प्रशिक्षक सांगतात की चूक स्टिकवर उमटण्याआधी ती सुधारणारा शिक्षक विद्यार्थ्याला छान उडवतो, पण शिकवत नाही. उलट मत असे की उतरताना शंभर मीटर उंचीवर चूक पुरती होऊ देण्याइतकी जागाच नसते. एक आसनी काळात विद्यार्थ्याला जबाबदारी पहिल्या दिवशी मिळे. दोन आसनी काळात ती उशिरा आणि हप्त्याहप्त्याने मिळते. ती किती उशिरा द्यावी हे आजही प्रत्येक प्रशिक्षकाच्या तारतम्यावर सोडलेले आहे.

बसण्याची रचनाही चर्चेत आली. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा आणि हात दिसतात, बोलणे सोपे होते. पण मधल्या रेषेवर बसण्याची सवय होत नाही आणि विमान रुंद झाल्याने अवरोध वाढतो. भारतात नागरी विमान वाहतूक विभागाच्या तंत्र केंद्रात एस. रामामृतम यांनी आखलेले ‘रोहिणी’ (१९६१) शेजारी-शेजारी आसनांचे होते. जगभर शेवटी एकामागे एक हीच रचना टिकली.

विंच की टो विमान

वर नेण्याच्या दोन मुख्य रीतींवरून क्लबाक्लबांत मतभेद आहेत, आणि त्यांची मुळे खर्चापेक्षा खोल आहेत.

विंच म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेले इंजिन आणि दोराचा रीळ. दोर पूर्वी पोलादी असे, आता बऱ्याच ठिकाणी कृत्रिम तंतूचा असतो. साधारण एक किलोमीटर लांबीच्या मैदानावर अर्ध्या-पाऊण मिनिटात ग्लायडर ३०० ते ४५० मीटर वर जाते. थर्मल नसेल तर पाच-सहा मिनिटांत परत खाली. टो विमान म्हणजे ग्लायडरला दोराने मागे ओढत नेणारे इंजिनाचे विमान. ते ६०० मीटरपर्यंत सावकाश नेते, आणि विद्यार्थ्याला बारा ते पंधरा मिनिटे मिळतात. शिवाय पुढच्या विमानामागे जागा धरून राहणे हा स्वतंत्र धडा होतो. विंचचे समर्थक म्हणतात की एका दिवसात जास्त लँडिंग होतात, आणि शिकायची खरी गोष्ट तीच आहे. टो विमानाचे समर्थक म्हणतात की पाच मिनिटांतली दोन सर्किटमध्येच जातात, मग वळणे शिकायची कधी?

दोघांचेही खरे आहे, पण सुरक्षेचा हिशेब दोन्हीकडे सारखा नाही. विंचवर धोका काही सेकंदांत एकवटलेला असतो. सुरुवातीलाच पंख जमिनीकडे झुकला आणि पिवळा नॉब लगेच ओढला नाही, तर ग्लायडर पंखावर गरगरून उलटू शकते. जमिनीवरून सुटताच नाक घाईने वर नेले तर पंख स्टॉल होतो, म्हणजे उचलून धरण्याची ताकद गमावतो. वर चढत असताना, नाक चाळीस अंश उचललेले असताना दोर तुटला, तर वेग क्षणात गळतो. मग पहिली कृती एकच: स्टिक पुढे, नाक क्षितिजाच्या खाली. वेग भरेपर्यंत ना वळायचे, ना एअरब्रेकला हात लावायचा. समोर उतरायला जागा आहे की वळून यायचे हा निर्णय त्यानंतरचा. हा क्रम विद्यार्थ्याच्या अंगात इतका मुरावा लागतो की विचार करायची गरजच पडू नये. म्हणूनच प्रशिक्षक आगाऊ न सांगता मध्येच दोर सोडून सराव घेतात.

ब्रिटनच्या राष्ट्रीय ग्लायडिंग संघटनेने २००५ पासून विंचच्या अपघातांचे असे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यासाठी साधे, ठाम नियम शिकवायला सुरुवात केली. त्यानंतर तिथल्या विंचच्या प्राणघातक अपघातांत लक्षणीय घट झाली. या संपूर्ण क्षेत्रात शिकवण्याची रीत बदलल्याने जीव वाचल्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

स्पिनचा वाद

ग्लायडर हळू उडत असताना, रडर बेताल दाबलेले असताना पंख स्टॉल झाला, तर एक पंख आधी पडतो आणि ग्लायडर गिरक्या घेत खाली येऊ लागते. ही स्पिन. प्रत्येक गिरकीत साधारण साठ ते शंभर मीटर उंची जाते. बाहेर पडायचा मार्ग ठरलेला आहे: गिरकीच्या उलट दिशेचे पूर्ण रडर, मग स्टिक सरळ पुढे, गिरकी थांबताच रडर मध्यावर आणि हलकेच नाक वर. हे सगळे उंचावर सोपे असते. धोका खालच्या शेवटच्या वळणावर असतो. जमीन जवळ दिसते, विद्यार्थी जास्त कलायला घाबरतो, आणि नाक लवकर वळावे म्हणून नकळत रडर जास्त दाबतो. लोकरीचा धागा तेव्हा एका बाजूला पडलेला असतो, पण नजर मैदानावर खिळलेली असते.

यावर दोन परंपरा आहेत. ब्रिटिश परंपरेत सोलोआधी (पहिल्यांदा एकट्याने उडण्याआधी) स्पिन प्रत्यक्ष करून दाखवतात आणि विद्यार्थ्याकडून करून घेतात. अमेरिकेत १९४९ पासून सामान्य वैमानिकासाठी प्रत्यक्ष स्पिनची सक्ती नाही. स्टॉलची चाहूल ओळखून तिथेच थांबण्यावर भर आहे आणि स्पिनचे प्रशिक्षण होऊ घातलेल्या प्रशिक्षकांसाठी राखलेले आहे. पहिल्या बाजूचे म्हणणे असे की ज्याने गिरकी कधी अनुभवली नाही तो पहिल्यांदा तिच्यात सापडला की स्टिक पोटाशी ओढतो, आणि तीच घातक चूक ठरते. दुसरी बाजू दाखवून देते की प्रत्यक्ष घात होतो त्या उंचीवर बाहेर पडायला जागाच नसते, म्हणून टाळणे हीच विद्या. शिवाय स्पिन शिकवतानाही अपघात झाले आहेत.

विमानाच्या रचनेने या वादात आणखी एक पेच आणला. एएसके-२१ सहजी स्पिनमध्ये जातच नाही. त्यासाठी शेपटीला खास वजने लावावी लागतात. पोलिश ‘पुखाच’ सहज जाते, म्हणून स्पिन शिकवणारे क्लब ते आवर्जून ठेवत आले. सौम्य विमानावर शिकलेला विद्यार्थी पुढे चपळ एक आसनी विमानात बसला की त्याच्या गाठीशी काय असते, याचे समाधानकारक उत्तर अजून कोणाकडे नाही. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट एकच: शेवटचे वळण पुरेशा उंचीवर, पुरेशा वेगाने आणि पुरेसे कलून घ्यावे.

तास, उड्डाणे आणि पहिला सोलो

विद्यार्थी तयार झाला हे कसे मोजायचे? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकात परवान्यासाठी किमान ६ तास, त्यांत २ तास एकट्याने, आणि किमान २० उड्डाणे अशी अट आहे. अमेरिकेत नवख्या उमेदवाराला १० तास आणि २० उड्डाणे लागतात, त्यांत एकट्याने २ तास आणि १० उड्डाणे. युरोपीय नियमांत १५ तास, त्यांतले १० दुहेरी, ४५ उड्डाणे आणि एकट्याने ५० किंवा प्रशिक्षकासह १०० किलोमीटरचा प्रवास.

हे आकडे विंच आणि टो विमानाशेजारी ठेवले की त्यांची मर्यादा दिसते. सहा मिनिटांच्या विंच-उड्डाणांनी १५ तास भरायला दीडशे उड्डाणे लागतात. पंधरा मिनिटांच्या टो-उड्डाणांनी साठ. एकाच परवान्याच्या दोन उमेदवारांपैकी एकाने लँडिंग दुसऱ्याच्या अडीचपट केलेली असतात. उलट चांगल्या थर्मलच्या दिवशी दोन तास वर राहिलेल्या विद्यार्थ्याचे तास भरतात, लँडिंग मात्र एकच होते. म्हणून तास मोजण्याऐवजी ठरावीक कृती निर्दोष जमल्या की पुढे जायचे, असा आग्रह वाढतो आहे. त्यावरचा आक्षेपही रास्त आहे: निर्दोष कोणाला म्हणायचे हे प्रशिक्षकागणिक बदलते, आणि आकडा निदान सगळ्यांना सारखा लागू होतो.

सोलोचे वय अमेरिकेत आणि युरोपात १४ आहे. परवाना १६ व्या वर्षी. मोटार चालवायला कायदा परवानगी देत नाही त्या वयात मुलगा किंवा मुलगी एकटी विमान उतरवते. लहान वयात हात लवकर वळतात हे सर्वमान्य आहे, पण अदमास आणि सबुरी वयाबरोबर येते की सरावाबरोबर यावर मतैक्य नाही. जर्मन क्लबांत पहिल्या तीन सोलो उड्डाणांनंतर काटेरी झाडोऱ्याचा गुच्छ हाती देऊन विद्यार्थ्याच्या पार्श्वभागावर चापट्या मारायची प्रथा आहे, थर्मल कळावे म्हणून ती जागा जागी करायची, अशी समजूत. थर्मलचा पहिला धक्का खरोखर बैठकीतूनच कळतो.

शिक्षणाचा वेग हाही प्रश्न आहे. आठवड्याच्या सुट्टीत क्लबात येणारा विद्यार्थी दोन-तीन उड्डाणांसाठी दिवसभर दोर ओढतो, पंख धरतो, नोंदी ठेवतो आणि सोलोपर्यंत एखादा हंगाम किंवा जास्तही घेतो. सलग दोन आठवड्यांच्या शिबिरात तोच टप्पा बराच लवकर गाठता येतो. शिबिरात हात पटकन बसतो. क्लबात वेगवेगळ्या ऋतूंचा वारा पाहायला मिळतो. हवामानाची जाण लागते ते पाहता दुसऱ्या मार्गाचे पारडे थोडे जड वाटते, पण वाट पाहून कंटाळून सोडून जाणारेही याच मार्गावर जास्त असतात.

सिम्युलेटर आणि पुढचे विमान

‘कॉन्डोर’सारख्या संगणकीय सिम्युलेटरनी सर्किटचा क्रम, दोर तुटल्यावरची कृती, टो विमानामागची जागा यांचा घरबसल्या सराव शक्य केला. स्पिन तिथे हवी तितक्या वेळा, बिनधोक करता येते. मात्र शरीराला जाणवणारा भार आणि वाऱ्याचा बदलता आवाज तिथे नसतो, आणि पडद्यावर शिकलेल्यांची नजर उपकरणांना चिकटून राहते ही प्रशिक्षकांची नेहमीची तक्रार आहे. सिम्युलेटरच्या सरावाने खऱ्या उड्डाणांची संख्या किती कमी व्हावी, हे ठरलेले नाही.

आधी ग्लायडर, मग इंजिनाचे विमान हा क्रम चांगला का, हा त्याहून जुना प्रश्न. अमेरिकन हवाई दलाची अकादमी आपल्या छात्रांना ग्लायडर शिकवते. १९८३ मध्ये इंधन संपलेले एअर कॅनडाचे प्रवासी विमान कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांनी गिमली येथे सुखरूप उतरवले. उंची घटवायला त्यांनी विमान तिरके घसरवले, आणि ही ग्लायडरवाल्यांची जुनी युक्ती. या बाजूने नेहमी दिले जाणारे दुसरे नाव म्हणजे २००९ मध्ये हडसन नदीवर विमान उतरवणारे चेस्ली सलेनबर्गर. अकादमीत त्यांनीही ग्लायडर शिकवले होते, पण त्या अनुभवाला त्यांनी स्वतः फारसे श्रेय दिलेले नाही. म्हणजे एक उदाहरण बाजू उचलून धरते आणि दुसरे तिला आवर घालते.

भारतातली स्थिती

पुण्यात हडपसरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे ग्लायडिंग सेंटर आहे, आणि मराठी वाचकाला खरे ग्लायडर जवळून पाहायची ती सर्वांत सोयीची जागा. तिथे ग्लायडर विंचनेच वर नेतात. कोरड्या उन्हाळ्यात दख्खनची तापलेली जमीन भरपूर थर्मल देते. पावसाळ्यात काम थंडावते. शहर मैदानाच्या कुंपणाला येऊन भिडले आहे, त्यामुळे चुकीच्या सर्किटनंतर बाहेरच्या शेतात उतरायची वाट पूर्वीइतकी मोकळी नाही, आणि याचा थेट परिणाम नवशिक्याला सर्किट किती काटेकोर शिकवावे लागते यावर होतो. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात एकेकाळी ग्लायडरवर शिकवत. आता ती जागा मायक्रोलाइट विमानांनी घेतली आहे. कारणे व्यवहार्य आहेत: इंजिन असल्याने विंचची आणि मोठ्या गटाची गरज उरत नाही, आणि लँडिंगचा अंदाज चुकला तर पुन्हा वर जाता येते. एक आसनी शाळांच्या दिवसांपासून चालत आलेला, एकाच प्रयत्नात उतरण्याचा धडा त्यामुळे गाळला जातो. तो नंतर वेगळा शिकवता येतो का, की सुरुवातीलाच शिकला तरच मुरतो, याचा निकाल लागलेला नाही.